पोस्ट उडाली, आयडी बॅन झाला... पण हे ठरवतं कोण आणि कसं?

ऑनलाइन चर्चेत कुणाची पोस्ट उडाली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. आधी "का उडवली?", मग "इथे अभिव्यक्तीस्वातंत्र्यच नाही", मग "मॉडरेटर त्यांच्याच कंपूतले आहेत" (मॉडरेटर म्हणजे चर्चेवर लक्ष ठेवणारे, काय ठेवायचं काय काढायचं ते ठरवणारे), आणि शेवटी "चाललो मी, परत येणार नाही" (हे म्हणणारा माणूस साधारण दोन दिवसांत परत येतो). या सगळ्या गोंधळात ती पोस्ट नक्की कुणासाठी उडवली हे मात्र कुणी विचारत नाही. लिहिणाऱ्याला वाटतं मला गप्प करायला उडवली, ज्याला शिव्या पडल्या त्याला वाटतं माझ्या बाजूने उडवली, आणि खरं तर ती बहुतेक वेळा तिसऱ्याच लोकांसाठी उडवलेली असते, जे नुसते वाचत बसलेत, एक अक्षरही लिहीत नाहीत.

आणि असे लोक थोडेथोडके नसतात. याकोब नील्सन नावाचे वेबसाइट कशा वापरल्या जातात याचा अभ्यास करणारे तज्ज्ञ आहेत, त्यांनी २००६ मध्ये एक ठोकताळा मांडला होता, की अशा बहुतेक ठिकाणी ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून काहीतरी लिहितात आणि बाकी जवळपास सगळा आवाज उरलेल्या १ टक्क्याचा असतो. आकडे जागेनुसार कमीजास्त होतात, पण ढाचा हाच. म्हणजे एका धाग्यावर (एका विषयावरच्या चर्चेत) दहाजण भांडत असतील तर त्यांच्यामागे शेकडो लोक बघत असतात आणि मनातल्या मनात ठरवत असतात की इथे आपण काही विचारावं की नको. मॉडरेशन म्हणजे मुख्यतः या लोकांचा विचार. हे एकदा धरून ठेवलं की बाकीच्या भानगडी बऱ्यापैकी उलगडतात.

सुरुवातीला हे कुणी एवढं मनावर घेतलंच नव्हतं. १९८० च्या सुमारास यूझनेट नावाचं कॉम्प्युटरवरच्या चर्चांचं जाळं सुरू झालं, त्यात विषयवार ग्रुप, पण सगळ्याचा मिळून मालक असा कुणी नाही. मेंबर बहुतेक विद्यापीठांतले. दर सप्टेंबरमध्ये नवीन विद्यार्थी यायचे, महिनाभर धुडगूस घालायचे, जुने लोक त्यांना वळण लावायचे आणि गाडी रुळावर यायची. मग १९९३-९४ च्या दरम्यान घरगुती इंटरनेट कनेक्शनवाले लोक लोंढ्याने आले, वर्षभर येतच राहिले, आणि वळण लावणारे कमी पडले. त्यामुळे जुने लोक अजूनही चेष्टेत म्हणतात की १९९३ चा सप्टेंबर कधी संपलाच नाही. त्यानंतर एप्रिल १९९४ मध्ये दोन वकिलांनी अमेरिकन ग्रीन कार्डच्या लॉटरीसंबंधी आपल्या सेवेची जाहिरात एकाच वेळी हजारो ग्रुपांवर टाकली, तेव्हा सगळ्यांना कळून चुकलं की नुसत्या चांगुलपणावर हे चालणार नाही.

तेव्हाही काही ग्रुपांत पोस्ट आधी एका माणसाकडे ईमेलने जायची, तो वाचायचा, ठीक वाटली तरच पुढे सोडायचा. ही सगळ्यात जुनी पद्धत, आधी तपासा मग छापा. स्पॅम शून्य, शिवीगाळ शून्य, आणि संभाषणही जवळजवळ शून्य, कारण तुम्ही सकाळी प्रश्न विचारला आणि तो रात्री दिसला तर गप्पा कसल्या रंगणार. उलट पद्धत म्हणजे सगळं लगेच दिसू दे, तक्रार आली तर बघू. यात गप्पा रंगतात पण घाणही आधी सगळ्यांना दिसते आणि मग साफ होते.

आता बहुतेक ठिकाणी यांचं मिश्रण असतं, नव्या आयडीवर लगाम आणि जुन्याला मोकळीक. डिस्कोर्स नावाचं चर्चेसाठीचं सॉफ्टवेअर बऱ्याच जागा वापरतात, त्यात मेंबरच्या ० ते ४ अशा विश्वासाच्या पायऱ्या आहेत. शून्यावरच्या माणसाला लिंका आणि फोटो टाकायला मर्यादा असते. तिथून एक पायरी वर जायला काय लागतं तर, मूळ सेटिंगनुसार, किमान ५ विषय उघडायचे, ३० पोस्ट वाचायच्या आणि एकूण १० मिनिटं तिथे घालवायची. म्हणजे लिहायचं काहीच नाही, फक्त वाचायचं! मला हे फार आवडलं, कारण स्पॅम टाकणारा सगळं करेल पण बसून ३० पोस्ट वाचणार नाही, आणि ज्याने वाचल्या त्याला इथे कसं बोलतात याचा अंदाज आपोआप येतो.

यानंतर मशीन. बऱ्याच जणांना वाटतं मॉडरेटर चोवीस तास बसून सगळं वाचतात, तसं कुठेच नसतं, मोठ्या ठिकाणी पहिला झाडू मशीनच मारतं. रेडिट ही विषयवार विभागांत चालणाऱ्या चर्चांची मोठी साइट, तिथे ऑटोमॉडरेटर नावाचा बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्रॅम) आहे, तो मुळात एका मेंबरने २०१२ मध्ये बनवलेला, पुढे २०१५ मध्ये रेडिटने तो आपल्या सिस्टीममध्येच घेतला. तो काही फार हुशार नाहीये, त्याला साधे नियम लिहून द्यायचे, आयडी दोन दिवसांपेक्षा नवा असेल आणि पोस्टमध्ये लिंक असेल तर बाजूला काढ, एका पोस्टवर इतके रिपोर्ट आले तर माणूस बघेपर्यंत लपव, वगैरे. एवढ्यानेही कचऱ्याचा मोठा ढीग कमी होतो.

शब्दांवर आधारलेली चाळणी मात्र भलतीच फजिती करते. १९९६ चा प्रसिद्ध किस्सा आहे, इंग्लंडमध्ये स्कनथॉर्प नावाचं गाव आहे, त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मध्येच एक शिवी लपलेली आहे, तर एओएल या इंटरनेट सेवेच्या चाळणीने त्या गावातल्या लोकांना अकाउंटच उघडू दिलं नाही. बिचाऱ्यांनी पत्ता लिहिला हाच गुन्हा. आणि ज्याला शिवी द्यायचीच आहे तो मध्ये टिंब टाकतो, चांदणी टाकतो, आपल्याकडचे लोक तर एकच शिवी रोमन लिपीत सात प्रकारे लिहितात, कुठली यादी पुरणार.

मग आली शिकलेली मॉडेल्स. गूगलच्या जिगसॉ गटाने २०१७ मध्ये पर्स्पेक्टिव्ह नावाची सोय आणली, ती वाक्य किती विषारी आहे याचा आकडा देते. सुरुवातीला त्यातही गडबड निघाली, एखाद्याने साधं "मी समलिंगी आहे" असं लिहिलं तरी आकडा वर जायचा, कारण ज्या मजकुरावर ते शिकलं त्यात तो शब्द बहुतेक शिव्यांच्या आसपासच आलेला होता. आणि टोमण्यांचं काय करणार? "वा वा, काय तो आपला अभ्यास, आम्ही पामरांनी काय बोलावं!" या वाक्यात एकही वाईट शब्द नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला कळतं की इथे समोरच्याची पार सालटी काढलीय, मशीनला ते कौतुक वाटतं.

काही ठिकाणी हे काम मेंबरांनाच वाटून दिलं जातं. स्लॅशडॉट ही तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर चर्चा करायची १९९७ ची जागा, तिथली पद्धत आजही बघण्यासारखी आहे. नियमित येणाऱ्या मेंबरांपैकी काहींना सिस्टीम अधूनमधून आपणहून ५ गुण द्यायची, ते तीन दिवसांत वापरायचे, नाहीतर गेले. एखादी प्रतिक्रिया चांगली वाटली तर एक गुण वर, फालतू वाटली तर एक खाली. प्रत्येक प्रतिक्रियेचा स्कोअर उणे १ ते ५. गंमत म्हणजे ज्या चर्चेत तुम्ही स्वतः बोललात तिथे हे गुण वापरता येत नाहीत, भांडणारा आणि पंच एकच व्हायला नको म्हणून. आणि उडवत तर जवळजवळ काहीच नाहीत, वाचणाऱ्याने ठरवायचं की मला ३ च्या वरचंच दाखव, नाहीतर सगळा राडा दाखव. या पद्धतीत दोष नाही असं नाही, क्लिफ लॅम्प आणि पॉल रेझनिक या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं की गुण देणाऱ्यांचं एकंदरीत बऱ्यापैकी एकमत होतं खरं, पण उशिरा आलेल्या चांगल्या प्रतिक्रियेकडे कुणाचं लक्षच जात नाही.

साध्या लाइक-डिसलाइकचं मात्र लवकरच बहुमताचं हत्यार होतं. लोक "हे चांगलं लिहिलंय का" याला मत देत नाहीत, "हे मला पटलं का" याला देतात, मग कंपू जमतो आणि वेगळं बोलणारा खाली गाडला जातो. यावर एक डोकेबाज उपाय ट्विटरने २०२१ मध्ये बर्डवॉच नावाने सुरू केला, आता त्याला कम्युनिटी नोट्स म्हणतात. तिथे एखाद्या पोस्टखालची टीप जास्त मतं पडली म्हणून दिसत नाही, एरवी ज्यांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत अशा लोकांनी दोन्हीकडून ती उपयोगी म्हटली तरच दिसते. कंपू कितीही मोठा असला तरी एकट्याने काही करू शकत नाही. फक्त यात वेळ जातो, आणि तोवर मूळ पोस्ट गावभर फिरून आलेली असते.

एवढं सगळं गाळून जे उरतं ते माणसाच्या पुढ्यात येतं आणि खरी डोकेदुखी इथे आहे. मॉडरेटरला रिपोर्ट येतो तो एका वाक्याचा, "यांनी मला मूर्ख म्हटलं". आता वर वाचत जायचं तर कळतं की तक्रार करणाऱ्यानेच आधी चार प्रतिसाद डिवचलेलं आहे, त्याच्याही वर गेलं तर कळतं की दोघांचं भांडण मुळात दुसऱ्याच धाग्यावरचं आहे आणि ते मागच्या वर्षीपासून चालू आहे. हे सगळं वाचून मग ठरवायचं. हातात फक्त डिलीट नसतं, बरंच काही असतं, विषयाबाहेरचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवता येतात, खाजगीत दोन शब्द सांगता येतात, एका माणसाला तासाला एकच प्रतिसाद देता येईल असं करता येतं, धागा रात्रीपुरता कुलूपबंद करता येतो, आठवड्यासाठी आयडी बंद करता येतो, आणि मग सगळ्यात शेवटी कायमचा बॅन. हे चढत्या क्रमाने वापरायचं असतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी पाटाचं पाणी, मासेमारी, सामायिक जंगल अशा गोष्टी लोक आपापसात वर्षानुवर्षं कशा सांभाळतात याचा अभ्यास केला होता, त्यातही हेच सापडलं, टिकलेल्या ठिकाणी पहिल्या चुकीला शिक्षा अगदी हलकी असते आणि परत परत केलं तर वाढत जाते. पहिल्याच फटक्याला हाकललं तर माणूस सुधारत नाही, नवा आयडी काढून दुप्पट रागाने येतो.

शिवीगाळ करणारा तसा सोपा असतो, हे बाहेरून कुणाला पटत नाही. त्याने शिवी दिली, नियमात लिहिलंय, उडवली, संपलं. त्रास देतो तो नियम न मोडणारा. तो कधी अपशब्द वापरत नाही, उलट "सर", "मॅडम" लावून बोलतो, आणि प्रत्येक धाग्यावर येऊन एक काडी टाकून जातो. "याला काही पुरावा आहे का? मी फक्त विचारतोय." पुरावा दिला की "हा स्रोत विश्वासार्ह कशावरून?" तेही सांगितलं की "बरं, पण मग अमुक ठिकाणी काय झालं त्याबद्दल तुम्ही कधी बोलत नाही". पन्नास प्रतिसाद होतात, समोरचा शेवटी वैतागून काहीतरी बोलतो, आणि मग हाच माणूस मॉडरेटरकडे रिपोर्ट करतो की बघा, मला अपमानास्पद बोलले. नियमाप्रमाणे बघितलं तर कारवाई वैतागलेल्या माणसावर करावी लागते! अनेक चांगले जाणकार लोक चर्चा सोडून जातात ते असल्या माणसामुळे, शिव्यांमुळे नव्हे, आणि जाताना ते काही बोलत नाहीत, नुसते येणं बंद करतात, त्यामुळे नुकसान झालंय हे कळायलाच सहा महिने जातात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की चाळीस कलमांची नियमावली लिहिण्यात अर्थ नाही. जितकी कलमं जास्त तितक्या पळवाटा जास्त, आणि पळवाटा शोधायला ज्याला भरपूर मोकळा वेळ आहे असा एकतरी मेंबर सगळीकडे असतो. मोजके नियम असावेत आणि त्यात एक सरळ लिहिलेलं असावं की सतत इतरांना वात आणत असाल तर एकही नियम न मोडताही बाहेर जाल. यात मॉडरेटरच्या हातात जास्त अधिकार जातो हे मान्य, पण त्याला इलाज नाही.

लवकर हात घालणंही महत्त्वाचं. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांचा २०१७ चा एक प्रयोग आहे, त्यांनी लोकांना आधी सोपे किंवा अवघड प्रश्न सोडवायला देऊन मूड चांगला किंवा खराब केला, मग एका लेखाखाली प्रतिक्रिया लिहायला लावली, काहींना वर आधीच्या चांगल्या प्रतिक्रिया दिसत होत्या, काहींना खवचट. मूड चांगला आणि वरच्या प्रतिक्रियाही चांगल्या, तेव्हा साधारण ३५ टक्के लोकांनी खवचट लिहिलं, दोन्ही वाईट तेव्हा ६८ टक्के. लोक तसलेच, फक्त वेळ आणि आजूबाजूचं वातावरण वेगळं. म्हणजे ट्रोल नावाची वेगळी जमात आहे हे अर्धसत्य झालं. वरची पहिली घाणेरडी प्रतिक्रिया दहा मिनिटांत बाजूला केली तर खालच्या वीस येतच नाहीत, आणि तीन तासांनी केली तर एकवीस उडवाव्या लागतात, वर "सेन्सॉरशिप" म्हणून बोंब होते ती वेगळीच.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे नियम दिसतील असे ठेवणं. हास्यास्पद वाटेल इतकं साधं आहे. रेडिटच्या सायन्स विभागात तेव्हा एक कोटीच्या वर मेंबर होते, तिथे २०१६ मध्ये जे. नेथन मटायस या संशोधकाने मॉडरेटरांना हाताशी धरून प्रयोग केला, काही चर्चांच्या वर नियमांची छोटी पोस्ट चिकटवली आणि काहींवर नाही. चिकटवली तिथे नवख्यांनी नियम पाळायची शक्यता साधारण ८ टक्के अंकांनी वाढली आणि नवख्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. हे दुसरं जास्त भारी आहे. नियम बघून लोक घाबरून पळत नाहीत, उलट त्यांना वाटतं की इथे कुणीतरी लक्ष ठेवून आहे, आता बोलायला हरकत नाही. तेच ते गप्प वाचणारे!

पोस्ट उडवल्यावर कारण सांगावं का यावर मॉडरेटर लोकांत कायम वाद असतो. कारण सांगितलं की वाद घालायला एक नवीन मुद्दा दिला असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि अनुभव पाहता त्यांचं अगदीच चूक नाही. पण २०१९ मध्ये रेडिटच्या ३ कोटींहून जास्त पोस्ट तपासून केलेल्या अभ्यासात दिसलं की जिथे कारण दिलं जातं तिथे त्या लोकांची पुढची पोस्ट उडायची शक्यता कमी होते. युरोपियन युनियनच्या डिजिटल सर्व्हिसेस कायद्यात तर पोस्ट काढली तर कारण कळवणं प्लॅटफॉर्मना बंधनकारकच केलंय. याच्या अगदी उलट टोकाला शॅडोबॅन, म्हणजे तुम्ही लिहिताय, तुम्हाला दिसतंय, बाकी कुणालाच दिसत नाहीये. स्पॅमच्या बॉटसाठी हे ठीक आहे, हाडामांसाच्या माणसाला महिनोन्महिने भिंतीशी बोलायला लावणं मला क्रूरपणा वाटतो.

डुप्लिकेट आयडी पकडणं हा वेगळाच उद्योग. आयपी अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे इंटरनेट कनेक्शनच्या पत्त्यावरून, पकडता येतं असं सगळ्यांना वाटतं, पण मोबाइल नेटवर हजारो लोक एकाच पत्त्याआडून येतात, तो बंद केला तर सुक्याबरोबर ओलंही जळतं. बरेचदा पकडतात ते लिहायच्या लकबीवरून, तीच अशुद्धलेखनाची चूक, तीच तीन टिंबं, तोच जुना राग. विकिपीडियावर आयपी तपासायचा अधिकार अगदी मोजक्या लोकांना आहे, कुणी कधी कुणाला तपासलं याची नोंद राहते, आणि हा डेटा ९० दिवसच ठेवतात.

आता राहिला मॉडरेटरांवर लक्ष कुणाचं हा प्रश्न. विकिपीडियावर अ‍ॅडमिन व्हायला मेंबरांसमोर उभं राहावं लागतं, त्यांनी काय उडवलं कुणाला बंद केलं त्याची नोंद कुणालाही वाचता येते, आणि भांडण फारच चिघळलं तर इंग्रजी विकिपीडियावर २००४ पासून लवाद समिती आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर मॉडरेटरांची निवडणूक होते. रेडिटवर साधारणपणे ज्याने विभाग आधी उघडला तो सगळ्यांत वर आणि तो खालच्यांना काढू शकतो, खालचे त्याला नाही, म्हणजे सरळसरळ संस्थानच. आणि हे लोक बहुतेक फुकट काम करतात. रेडिटवरचे मॉडरेटर २०२० मध्ये दिवसाला मिळून किमान ४६६ तास काम करत होते आणि त्याची किंमत वर्षाला ३४ लाख डॉलर होते, असा एका अभ्यासाचा अंदाज होता. रेडिटने बाहेरच्या अ‍ॅपना डेटा वापरायचे पैसे लावायचं ठरवलं तेव्हा जून २०२३ मध्ये हजारो विभागांनी आपले दरवाजे बंद केले, कारण अनेक मॉडरेटर त्याच अ‍ॅपवर काम करायचे.

मोठ्या कंपन्यांत पगारी लोक असतात, पण त्यांचं काम वेगळं, त्यांना कुठली चर्चा सांभाळायची नसते, समोर येणारे भयानक फोटो आणि व्हिडिओ दिवसभर बघायचे असतात. फेसबुकने २०२० मध्ये अमेरिकेतल्या अशा मॉडरेटरांचा मानसिक त्रासाबद्दलचा खटला मिटवायला ५.२ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत कॉम्प्युसर्व्ह आणि प्रॉडिजी या दोन ऑनलाइन सेवांवर लोकांनी तिथे लिहिलेल्या मजकुरावरून बदनामीचे खटले झाले, त्यात १९९१ मध्ये कॉम्प्युसर्व्ह सुटली, कारण ती लोकांचं लिखाण तपासतच नव्हती, आणि १९९५ मध्ये प्रॉडिजी अडकली, कारण ती तपासत होती. म्हणजे झाडलोट करणाऱ्यालाच दंड! तो तिढा सोडवायला १९९६ मध्ये कायद्यात कलम २३० आलं, त्यामुळे लोकांच्या लिखाणाची जबाबदारी जागा चालवणाऱ्यावर येत नाही आणि चांगल्या हेतूने काही काढलं तरी येत नाही.

सध्याचं नवीन दुखणं म्हणजे एआयने लिहिलेली उत्तरं. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीची उत्तरं टाकायला बंदी घातली, मग पुढच्या वर्षी कंपनीनेच मॉडरेटरांना सांगितलं की नुसत्या संशयावरून अशी उत्तरं काढू नका, तर जून २०२३ मध्ये मॉडरेटर संपावर गेले. पूर्वी चुकीचं उत्तर लिहायलाही थोडा वेळ लागायचा, आता अर्ध्या मिनिटात लांबलचक, नीटनेटकं, आत्मविश्वासाने भरलेलं चुकीचं उत्तर तयार होतं आणि ते चुकीचं आहे हे बघायला जाणकार माणसाचा अर्धा तास जातो.

असो. तुमची पोस्ट उडाली तर एक करा, नवीन धागा काढून "मॉडरेटरांना जाहीर प्रश्न" विचारू नका, तो पण उडतो. खाजगीत एक मेसेज टाका, पोस्टची लिंक द्या, काय चुकलं ते सरळ विचारा, आणि दोन दिवस थांबा. समोरचा माणूस बहुधा दिवसभराची नोकरी करून रात्री रिपोर्टचा ढीग उपसत असतो, आणि त्या ढिगात "तुम्ही विकले गेला आहात" अशा वीस मेसेजांमध्ये एखादा साधा सभ्य प्रश्न दिसला तर उत्तर बहुतेक आधी त्यालाच जातं.